नॅप्थॅलीनचा जमाखर्च: तृतीय वर्षाच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

यंदाचा गटप्रकल्प ठरला. सूक्ष्मजीव प्रदूषकं कशी मोडतात, त्याचे मार्ग ऑनलाइन डेटाबेसमधून वाचायचे आणि प्रत्येक पायरीला कार्बन, ऑक्सिजन आणि एनएडीएच (पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) यांचा हिशेब वहीत मांडायचा. पोस्टर नाही, पॉवरपॉइंट नाही. फक्त वही.

ग्लायकोलिसिस आणि क्रेब्स चक्र, म्हणजे पेशीचे अन्न जाळण्याचे नेहमीचे मार्ग, मुलं बारावीपासून घोकत आली आहेत. तिथे काहीही विचारा, उत्तर तयार असतं. समजलंय की पाठ आहे, हे त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही. नॅप्थॅलीन कोणी पाठ केलेलं नाही. दोनच वलयं, दहा कार्बन, आठ हायड्रोजन. घरोघरच्या कपाटात डांबरगोळी म्हणून ते असतंच. क्रूड तेलातही असतं आणि आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला तेलाचे काळे चिकट गोळे लागतात, ते पेडण्याच्या मुलांना सांगावं लागत नाही. मात्र ते गोळे वर्गात आणायचे नाहीत, हे आधीच बजावलं. शेकडो संयुगांची ती खिचडी आहे. तिच्यातून पदवीच्या पातळीवर काहीच नीट शिकवता येत नाही.

१४ जून

कुठला डेटाबेस वापरायचा यावर आज बसलो. तीन निवडले.

पहिला मिनेसोटा विद्यापीठाचा. लिंडा एलिस आणि लॉरेन्स वॅकेट यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला, म्हणजे वेब नुकतं चालू लागलं होतं तेव्हा. पुढे तो स्वित्झर्लंडच्या ईएडब्ल्यूएजी या जलसंशोधन संस्थेकडे गेला आणि आता ईएडब्ल्यूएजी-बीबीडी म्हणून ओळखला जातो. दोनशेहून जास्त मार्ग आहेत. दिसायला जुनाट, पण विद्यार्थ्यासाठी याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात नाही: एका पानावर एक मार्ग, बाणावर एन्झाइमचं नाव, सोबत जिवाणूचं नाव आणि मूळ शोधनिबंध.

दुसरा जपानचा केग. तोही १९९५ चाच, क्योटोचा. तिसरा एन्व्हीपाथ, म्हणजे मिनेसोटाच्या डेटाबेसचा वारसदार. त्यात माहीत असलेले मार्ग तर आहेतच, शिवाय माहीत नसलेल्या संयुगाचा मार्ग वर्तवण्याची सोयही आहे. तो शेवटी उघडायचा. आधीच दिला तर मुलं स्वतः विचार करणार नाहीत, यंत्राने काय सांगितलं तेवढंच उतरवून काढतील.

२१ जून

संगणक कक्षात पहिलं सत्र. दोन वेळा वीज गेली. त्यामुळे लागणारी पानं आधीच छापून ठेवली होती, त्यांच्यावर काम झालं.

एक गोष्ट मुलांना फार भावली. बीबीडीच्या पानांच्या तळाशी ते कोणी तयार केलं त्याचं नाव असतं, आणि त्यांतली बरीच पानं मिनेसोटातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लिहिलेली आहेत. डिचोलीच्या एका मुलीने लगेच विचारलं, "म्हणजे यात चुकाही असतील, सर?" असू शकतात. म्हणूनच प्रत्येक बाणाखाली संदर्भ आहे. पाठ्यपुस्तकातला बाण हा प्रश्न विचारायला वावच देत नाही.

२ जुलै

ईसी क्रमांकांचा, म्हणजे एन्झाइमांना त्यांच्या कामावरून दिलेल्या क्रमांकांचा तास. पहिला आकडा पाहून अभिक्रियेचा प्रकार ओळखायचा. नॅप्थॅलीन डायऑक्सिजनेज १.१४.१२.१२, म्हणजे ऑक्सिडेशन-रिडक्शन. मधली अल्डोलेज ४ ने सुरू होते. मुलांच्या पुस्तकात अजून सहाच वर्ग आहेत. सातवा, पदार्थ पटलापार नेणाऱ्या एन्झाइमांचा, २०१८ मध्ये आला. तो पुस्तकात पेनने लिहून घ्यायला लावला. बाकी तास कंटाळवाणा झाला, तो तसाच होतो.

९ जुलै

आज प्रकल्पाला खरी धार आली. नॅप्थॅलीनपासून कॅटेकोलपर्यंतचा (सहा कार्बनांचं एक वलय, शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट) हिशेब.

फळ्यावर दोन रकाने, आलं आणि गेलं. पहिली पायरी: डायऑक्सिजनेज ऑक्सिजनच्या रेणूचे दोन्ही अणू वलयावर बसवतं आणि त्यासाठी एक एनएडीएच खर्ची पडतं. हे मुलांना पटेना. अन्न खायला बसलेला जिवाणू आधी स्वतःच्याच खिशातून का देतो? नॅप्थॅलीनचं वलय इतकं स्थिर असतं की ऑक्सिजन बसवल्याशिवाय ते पुढे हलतच नाही, आणि साधा ऑक्सिजन आपणहून बसत नाही. त्याला इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. तो पहिला खर्च.

दुसरी पायरी: त्यातून झालेल्या सिस-डायहायड्रोडायॉलमधून दोन हायड्रोजन काढले जातात, एक एनएडीएच परत. मग वलय फुटतं (ऑक्सिजनचा आणखी एक रेणू, एनएडीएच शून्य), मग आयसोमरेज, मग अल्डोलेज. इथे पायरुवेट सुटतं आणि सॅलिसिलाल्डिहाइड उरतं. दहातले तीन कार्बन हातात, सात शिल्लक. अल्डिहाइडचं सॅलिसिलेट होताना एक एनएडीएच मिळतं. सॅलिसिलेटचं कॅटेकोल होताना एक जातं, सोबत ऑक्सिजनचा एक रेणू, आणि एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो.

बेरीज करा म्हटलं. खर्च दोन, जमा दोन. एवढ्या पायऱ्या चालून एनएडीएच शून्य! हातात एक पायरुवेट आणि एक कॅटेकोल. मागच्या बाकावरून "मग एवढा खटाटोप कशाला?" असा सूर आला, आणि आजच्या तासाला तोच हवा होता. पाठ करून हा प्रश्न कधीच सुचत नाही.

जाता जाता सॅलिसिलेटबद्दल एवढं सांगितलं: या एन्झाइमांची जनुकं प्लाझमिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात, आणि त्या जनुकांना जागं करणारा रेणू नॅप्थॅलीन नाही, सॅलिसिलेट आहे. अर्ध्या वाटेवरचा पदार्थ संपूर्ण वाट उघडतो. कॉफी पिता पिता दोन मुलं यावर भांडत होती, की मग पहिलं सॅलिसिलेट तयार कसं होतं? उत्तर त्यांनीच काढलं: जनुकं पूर्ण बंद कधीच नसतात, थोडी गळती असतेच. मी मध्ये पडलो नाही.

१८ जुलै

कॅटेकोलच्या पुढे वाट दुभंगते. ऑर्थो वाटेने दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधला बंध तुटतो आणि सिस,सिस-म्यूकोनेट होतं. मेटा वाटेने शेजारचा बंध तुटतो आणि पिवळं हायड्रॉक्सीम्यूकोनिक सेमिअल्डिहाइड होतं. आज ऑर्थो वाटेने हिशेब पुरा करायचा ठरवलं, कारण ती शेवटी ओळखीच्या रेणूंवर येते: सहा कार्बनांतले चार सक्सिनेट म्हणून आणि दोन असेटिल-कोए म्हणून. (पानावर सक्सिनिल-कोए दिसतं. पण एक पायरी आधी एक सक्सिनिल-कोए खर्च झालेलं असतं, त्यामुळे निव्वळ नफा सक्सिनेटच. हे दोन गटांनी आपणहून पकडलं.)

मग प्रश्न आला, सत्तरीच्या मुलाकडून, कोंकणीतच: "सर, चार कार्बन भितर गेले, पूण भायर कशे येतले?"

वर्ग गप्प. सगळ्यांनी वहीत लिहिलं होतं, 'सक्सिनेट क्रेब्स चक्रात जातं, कार्बन डायऑक्साइड होतो.' पण सक्सिनेट चक्रात शिरलं की ऑक्झॅलोअसिटेटपर्यंत येतं आणि तिथे कार्बन चारचे चारच राहतात. चक्र असेटिल-कोएच्या रूपात दोन कार्बन घेतं आणि दोन सोडतं. मधूनच शिरलेले चार कार्बन आपोआप जळत नाहीत. ते बाहेर काढावे लागतात. मॅलेटचं मॅलिक एन्झाइमने पायरुवेट करायचं, एक कार्बन डायऑक्साइड सोडायचा, आणि तेच पायरुवेट असेटिल-कोए होऊन पुढच्या दाराने परत आणायचं. गेली कित्येक वर्षं मी क्रेब्स शिकवतोय, पण तृतीय वर्षात हा प्रश्न कोणी विचारल्याचं आठवत नाही.

मग पूर्ण हिशेब जुळवला. नॅप्थॅलीन पूर्ण जळालं तर ऑक्सिजनचे १२ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे १० व पाण्याचे ४ रेणू होतात. ऑक्सिजनेज एन्झाइमांनी थेट वापरलेले ऑक्सिजनचे रेणू चार: तीन कॅटेकोलपर्यंत, चौथा कॅटेकोल फोडताना. उरले आठ. आता इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोजा. पायरुवेटमधून पाच, असेटिल-कोएमधून चार, सक्सिनेटमधून सात. एकूण सोळा. श्वसनसाखळीत एका जोडीला अर्धा ऑक्सिजन, म्हणजे आठ. चार आणि आठ बारा.

जुळलं! फळ्यावर जुळलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मी त्यांना थोडं थंड केलं: जिवंत जिवाणू सगळं जाळत नाही, बराच कार्बन स्वतःचं शरीर बांधायला ठेवतो. हा हिशेब पेशी वाढतच नाहीत असं धरून केलेला आहे.

२६ जुलै

आज केग. मुलांना सांगितलं, नॅप्थॅलीनचा नकाशा उघडा आणि स्यूडोमोनास पुटिडा केटी२४४० हा जिवाणू निवडा. केगची पद्धत अशी की त्या जिवाणूच्या जीनोममध्ये एन्झाइमचं जनुक असेल तर चौकट रंगते. मुलांना वाटलं, स्यूडोमोनास पुटिडा म्हणजे सगळं हिरवंगार दिसणार. नॅप्थॅलीनच्या वरच्या पायऱ्या कोऱ्याच राहिल्या. खालची कॅटेकोलची ऑर्थो वाट मात्र त्याच्याकडे आहे.

केटी२४४० चा जीनोम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो एमटी-२ या जुन्या जिवाणूचा वंशज, पण त्याने टोल्युईन पचवणारं प्लाझमिड गमावलेलं आहे. नॅप्थॅलीनचं प्लाझमिड, एनएएच७, तर दुसऱ्याच जी७ नावाच्या वाणात सापडलं. म्हणजे 'अमुक जिवाणू तमुक प्रदूषक खातो' हे वाक्य वाणाचं नाव नसेल तर अर्धवटच. मुलांच्या पुस्तकात असली वाक्यं पानोपानी आहेत. आज ती त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केली.

केगबद्दल माझी तक्रार एवढीच, की एकाच नकाशावर अनेक जिवाणूंच्या वाटा एकत्र काढलेल्या असतात. नवख्याला वाटतं, एकच पेशी हे सगळं करते. म्हणून आधी बीबीडी आणि नंतर केग, हाच क्रम बरोबर.

६ ऑगस्ट

जिवाणू वाढवायच्या प्लेट्सची तयारी. त्याआधी बाजारातल्या डांबरगोळ्या तपासून घेतल्या, कारण दुकानात त्या नावाने पॅरा-डायक्लोरोबेंझीनही मिळतं. चाचणी सोपी: मिठाच्या संपृक्त पाण्यात नॅप्थॅलीन तरंगतं, डायक्लोरोबेंझीन बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या एका मुलीने मिठागरातलं जाडं मीठ आणलं. करड्या रंगाचं, त्यामुळे द्रावण गाळून घ्यावं लागलं. तीन दुकानांतल्या गोळ्या, त्यातल्या एका दुकानाच्या सरळ तळाला गेल्या.

त्या फेकून न देता तासाला लावल्या. डायक्लोरोबेंझीनचा मार्गही बीबीडीवर आहे: तसंच डायऑक्सिजनेज, तसंच सिस-डायॉल, पण पुढे डायक्लोरोकॅटेकोल आणि तिथून ऑर्थो वाट. मेटा का नाही? क्लोरीन वलय फुटण्याच्या जागेशेजारी असेल तर मेटाचं एन्झाइम असिल क्लोराइड तयार करतं आणि ते एन्झाइमलाच चिकटून त्याला निकामी करतं. ३-क्लोरोकॅटेकोलवर हे दाखवलं गेलं आहे. आत्मघाती रोध पुस्तकात एक ओळीत संपतो. इथे तो का होतो, ते दिसलं.

सुरक्षेची सूचना देताना आणखी एक विषय निघाला. माणसाच्या यकृतात नॅप्थॅलीनचं आधी इपॉक्साइड होतं आणि मग ट्रान्स-डायॉल. जिवाणूत सिस, म्हणजे दोन्ही गट वलयाच्या एकाच बाजूला; आपल्यात ट्रान्स, म्हणजे विरुद्ध बाजूंना. एकाच रेणूची दोन निराळी सुरुवात. ज्यांच्यात जी६पीडी एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलीनमुळे फुटू शकतात. म्हणून तान्ह्या मुलाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवू नयेत. हे घरी जाऊन सांगा म्हटलं.

२० ऑगस्ट

फोंड्याच्या एका गॅरेजमागची काळपट माती, बुशनेल-हास माध्यमाच्या (नुसते क्षार, कार्बनचं अन्न नाही) प्लेट्स, झाकणात नॅप्थॅलीनचे स्फटिक, प्लेट उलटी. वाफेतून मिळेल तेवढाच कार्बन. सोबत स्फटिक नसलेल्या प्लेट्सही ठेवल्या. अगारवर आणि हवेतल्या अशुद्धीवरही बारीक वसाहती उगवतात. त्यांना नॅप्थॅलीन खाणाऱ्या म्हणायची घाई मुलं हमखास करतात.

३० ऑगस्ट

रंगांचा दिवस. धूरकक्षात (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून, वसाहतींवर कॅटेकोलचं पातळ द्रावण फवारलं. काही वसाहती बघता बघता पिवळ्या झाल्या, बाकीच्या जशाच्या तशा. पिवळ्या द्रावणात आम्लाचा थेंब टाकला तर रंग गेला, अल्कली टाकल्यावर परत आला. बीबीडीच्या पानावरचा एक बाण डोळ्यांसमोर घडला. मुलांनी मोबाइल काढले. मी आधी वहीत लिहा म्हटलं.

पिवळ्या झाल्या त्या मेटा वाटेच्या, हे ठीक. पिवळ्या न झालेल्या ऑर्थोच्या, हा निष्कर्ष मात्र खोडून टाकायला लावला. ऑर्थोचं उत्पादन रंगहीन असतं. ते पाहायला अतिनील वर्णपटात २६० नॅनोमीटरला मापन करावं लागतं. नुसता रंग न दिसणं हा पुरावा नव्हे.

दुसऱ्या प्लेट्सवर झाकणात इंडोल ठेवलं होतं. दोन-तीन वसाहती निळ्या झाल्या. नॅप्थॅलीन डायऑक्सिजनेज इंडोलवरही चालतं. होणारा पदार्थ हवेत आपोआप इंडिगो, म्हणजे नीळ बनतो. १९८३ मध्ये ही जनुकं ई. कोलायमध्ये घातली तेव्हा तो जिवाणू नीळ करू लागला होता. बीबीडीवर या एकाच एन्झाइमच्या सत्तरहून अधिक अभिक्रियांची स्वतंत्र यादी आहे. 'एक एन्झाइम, एक सब्स्ट्रेट (ज्यावर ते काम करतं तो पदार्थ)' हे डोक्यात घट्ट बसलेल्या मुलांनी ती यादी खाली खाली सरकवत पाहावी. फक्त इथेही घाई नको: टोल्युईनची ऑक्सिजनेजही इंडोल निळं करतात.

१८ सप्टेंबर

चवथीच्या सुट्टीनंतर वर्ग आता कुठे भरला. गावागावची मुलं परतायला वेळ लावतात, आणि लावणारच.

आज एन्व्हीपाथ उघडलं. संयुग मुलांनी निवडलं: काजूच्या टरफलातल्या तेलातलं अॅनाकार्डिक आम्ल. ते म्हणजे सॅलिसिलिक आम्लच, पण त्याला पंधरा कार्बनांची लांब शेपटी. टरफल भाजलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून कार्डेनॉल उरतो. आधी कागदावर अंदाज लिहून घेतला. निम्म्यांनी शेपटी बीटा-ऑक्सिडेशनने, म्हणजे दोन-दोन कार्बन तोडत, कुरतडली, कारण ते स्निग्ध आम्लांच्या धड्यात होतं. बाकीच्यांना सॅलिसिलेट ओळखीचं वाटलं आणि ते थेट कॅटेकोलवर उतरले. दोन्ही अंदाज विचार करून केलेले होते, म्हणून दोघांनाही गुण.

मग यंत्राचं उत्तर. नियम असे: रेणूत अमुक गट दिसला की तमुक बदल सुचवायचा. प्रत्येक नव्या रेणूवर पुन्हा तेच. चार-पाच पायऱ्यांत झाडाला इतक्या फांद्या फुटतात की पडद्यावर मावत नाहीत. ही अडचण बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. मिनेसोटाच्या जुन्या आवृत्तीत प्रत्येक पायरीला शक्यतेचा दर्जा आणि रंग दिलेला असायचा, आणि कुठला नियम कुठल्या नियमापुढे मागे सरतो, असे वरचे नियमही पुढे घातले गेले. मुलांना काम दिलं: यातली एक फांदी निवडा आणि ती ९ जुलैच्या रकान्यांत बसवून दाखवा. कुठे एनएडीएच लागतं, ते यंत्र सांगत नाही. ते तुम्ही लिहायचं. इथे बराच गोंधळ झाला आणि तास संपला.

३० सप्टेंबर

टोल्युईन. गटांत वाटून दिलं, कारण ऑक्सिजनच्या उपस्थितीतच याच्या वेगवेगळ्या सुरुवाती आहेत: मिथाइल गटापासून, डायऑक्सिजनेजने, आणि वलयावर एकच ऑक्सिजन बसवणाऱ्या एन्झाइमांच्या. ऑक्सिजन नसेल तेव्हा आणखी निराळी: फ्युमरेट जोडून बेंझिलसक्सिनेट. सगळ्यात मजा आली ती राल्स्टोनिया पिकेटीच्या पीकेओ१ या वाणाची. त्याचं एन्झाइम टोल्युईनच्या तिसऱ्या जागेवर ऑक्सिजन बसवतं म्हणून 'टोल्युईन ३-मोनोऑक्सिजनेज' हे नाव पडलं. २००४ मध्ये पुन्हा तपासल्यावर ते मुख्यतः चौथ्या जागेवर बसवतं असं दिसलं. डिचोलीच्या त्या मुलीला जूनमधल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवलंय.

९ ऑक्टोबर

तोंडी परीक्षा. प्रत्येकाला न पाहिलेलं एकच संयुग: बायफिनाइल. बारा कार्बन, दोन वलयं एका बंधाने जोडलेली. पहिल्या पायऱ्या लिहा आणि हिशेब मांडा, एवढंच.

बहुतेकांनी डायऑक्सिजनेज, सिस-डायॉल, डिहायड्रोजनेज हा क्रम स्वतःच लावला आणि एनएडीएच उणे एक, अधिक एक असं लिहिलं. वलय मेटा पद्धतीने फुटतं, हे निम्म्यांना सुचलं. बेंझोएट सुटतं इथवर चार जण पोचले, आणि सात कार्बन तिथे गेले, पाच दुसरीकडे, हे त्यांनी न विचारता सांगितलं. सत्तरीचा मुलगा बेंझोएटपाशी थांबला आणि म्हणाला, याचंही शेवटी कॅटेकोलच होत असणार, मग पुढचं माझ्या वहीत आहे. वही मागितली, होतं.

बाह्य परीक्षकांनी विचारलं, डेटाबेसमधून उतरवलेल्या मार्गाला प्रकल्प कसा म्हणायचा? त्यांना वह्या दाखवल्या. गुणांवर वाद झाला नाही.

पुढच्या तुकडीला नॅप्थॅलीन द्यायचं नाही, या वह्या आता वसतिगृहात फिरणार. फिनँथ्रीनची पानं छापायला दिली आहेत. लॅब असिस्टंट काकांनी जुन्या प्लेट्स ऑटोक्लेव्ह करायला घेतल्या, आणि उरलेली डायक्लोरोबेंझीनची पुडी लेबल लावून कपाटात ठेवली.